पांगाऱ्यापासून मांडवापर्यंत



नाशिकची द्राक्षे आपल्या घरोघरी येतात. तो वेल वाढवायची रीत कशी बदलली, ते आज पाहू.

जुन्या काळी भोकरी, फकडी या जातींचे वेल पांगाऱ्याच्या जिवंत खुंटावर सरळ चढवत. १९६० च्या दशकात बिनबियांची थॉम्सन द्राक्षे पसरू लागली, तसे तारांचे मांडवही वाढले. खोड मांडवाजवळ पोहोचले की शेंडा खुडतात. खाली फुटलेल्या दोन फांद्या तारेवर विरुद्ध दिशांना आडव्या बांधतात. बागायतदार त्यांना ओलांडे म्हणतात. आता बऱ्याच मळ्यांत वाय आकाराचा आधार दिसतो, पण ओलांडे आहेतच.

याचे कारण सोपे आहे. वाढता शेंडा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. फांदी आडवी झाली की त्याचा जोर ओसरतो आणि डोळे रांगेने फुटतात. मात्र फांदी कोवळी असतानाच वळवावी. जून झाली की मोडते.

आपण वनस्पतीला एकेंद्रिय जीव मानतो. मग छाटणीचे काय? द्राक्षाला ती चुकत नाही: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. त्यावर कित्येक घरांची चूल पेटते. श्रावकाचे अनर्थदंड विरमण व्रत सांगते, विनाकारण हिंसा नको. आपल्या बोरीवलीच्या खिडकीतल्या मोगऱ्यावर कोणाचे पोट नाही. म्हणून कात्री घेण्याआधी त्याची कोवळी फांदी रोज थोडी वाकवा आणि सुतळीने ग्रिलला सैल बांधून पाहा.