मैत्रिणीच्या थोरल्या भावावरील प्रेम

जिवलग मैत्रिणीच्या सहवासातून तिच्या थोरल्या भावाविषयी निर्माण होणारा अनुराग. तरुण-तरुणींच्या भेटींवर वडीलधाऱ्यांची नजर असलेल्या समाजांत मैत्रिणीचे घर हे मोकळ्या ये-जेचे ठिकाण असते. अनुरागाचे मूळ बहुधा तेथेच सापडते. मैत्रीण पुढे नणंद होते, हे त्याचे वैशिष्ट्य (पहा : नातेसंबंध). अशा प्रेमात मैत्री केवळ पायरी ठरते, हा आक्षेप मात्र अपुरा आहे. अमेरिकेतील ॲमहर्स्टच्या सुझन गिल्बर्टने आपली मैत्रीण, कवयित्री एमिली डिकिन्सन (पहा) हिचा थोरला भाऊ ऑस्टिन याच्याशी १८५६ मध्ये विवाह केला आणि ती शेजारच्याच घरात राहू लागली. एमिलीने तिला दोनशेहून अधिक कविता पाठवल्या. १८६१ मध्ये तर सुझनला न रुचलेले एका कवितेचे दुसरे कडवे तिने पुन्हा लिहून पाहिले. इतका विश्वास केवळ भावजयीच्या नात्यातून येत नाही. पुढे भेटी विरळ झाल्या, १८८२ पासून ऑस्टिन मेबल लूमिस टॉड या दुसऱ्या स्त्रीकडे ओढला गेला, हे खरे. परंतु त्यातून दुरावला तो नवरा. एमिलीच्या चिठ्ठ्या सुझनकडे येतच राहिल्या आणि १८८६ मध्ये तिचा मृत्युलेख सुझननेच लिहिला.