काथ्याचा पीळ

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण हट्टी माणसाला उद्देशून म्हणतो. पण सुंभाला तो पीळ मुळात कोणी घातला, हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. आजचा माझा विषय त्या प्रश्नाशी निगडित आहे.

अलीकडे शहरांतून निसर्गस्नेही चटया, गालिचे व पायपुसणी यांना चांगली मागणी आहे. प्लास्टिकचा धागा मातीत कुजत नाही. तेव्हा लोक पुन्हा ताग, लोकर आणि काथ्या यांकडे वळले आहेत. हे योग्यच झाले. परंतु जी वस्तू निसर्गाशी स्नेह राखते, ती घडवणाऱ्या माणसाशीही स्नेह राखतेच असे नाही. याची साक्ष केरळातील अलेप्पी, म्हणजे आजचे आलप्पुळा, या गावाच्या काथ्याधंद्यात मिळते.

काथ्या निघतो कसा, ते आधी पाहू. नारळाची सोडणे खाडीच्या मचूळ पाण्यात सहा ते दहा महिने कुजत घालतात. तंतूंना धरून ठेवणारा चिकट भाग सूक्ष्म जंतू खाऊन टाकतात. मग सोडणे उपसून लाकडी दांडक्याने बडवली, की तंतू मोकळे होतात. लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन नावाचे द्रव्य या तंतूंत भरपूर असते. त्यामुळे काथ्या खाऱ्या पाण्याला दाद देत नाही आणि शेकडो पायांखाली टिकतो. तथापि ही क्रिया निर्मळ आहे असे समजू नये. कुजणाऱ्या सोडणांतून सडक्या अंड्यासारखा दर्प सुटतो, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासळी नाहीशी होते. त्या पाण्यात उभे राहण्याचे, सोडणे बडवण्याचे आणि सूत वळण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या बहुतांशी स्त्रियांनी केले. विलायतेत ज्यांच्या उंबरठ्यावर ते पायपुसणे पडले, त्यांना तो दर्प कधी आला नाही.

काथ्याची दोरखंडे जहाजांना फार पूर्वीपासून लागत. चटया विणण्याचा कारखाना मात्र १८५९ साली आला. जेम्स डॅरा नावाच्या गोऱ्या व्यापाऱ्याने तो अलेप्पीत काढला. पुढे असे अनेक कारखाने उभे राहिले. सूत गावोगावच्या झोपड्यांतून येई, विणकाम कारखान्यातल्या हातमागांवर होई आणि माल बंदरातून परदेशी जाई. कारखान्यात मालक आणि कामगार यांच्यामध्ये मूप्पन असे. आपल्याकडच्या मुकादमाचाच हा भाऊ. तो माणसे कामावर आणी आणि त्यांच्या मजुरीतून आपला वाटा कापून घेई.

या कामगारांची पहिली संघटना, त्रावणकोर लेबर असोसिएशन, १९२२ साली वाडप्पुरम बावा यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. ते स्वतः कारखान्यातलेच. संघटनेने केवळ मजुरीचा हिशेब मांडला नाही. तिने ‘तोळिलाळी’, म्हणजे कामगार, या नावाचे पत्रही चालवले. ज्यांना शाळेचा उंबरठा चढू दिला नव्हता, त्यांच्या हाती स्वतःचे वर्तमानपत्र आले, ही गोष्ट मला पगारवाढीइतकीच मोलाची वाटते.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत मजुरी घसरली. १९३८ च्या ऑक्टोबरात अलेप्पीच्या काथ्या कामगारांनी सार्वत्रिक संप पुकारला. त्यांच्या मागण्यांत भाकरीच्या मागणीबरोबर त्रावणकोर संस्थानात जबाबदार राज्यपद्धतीचीही मागणी होती. १९४६ च्या ऑक्टोबरात पुन्नप्रा आणि वयलार येथे संस्थानी फौजेने गोळीबार केला. त्यात शेकडो माणसे मेली आणि त्यांत काथ्या कामगारांचा भरणा मोठा होता. स्वातंत्र्यानंतर १९५३ साली काथ्या उद्योगाचा कायदा झाला व त्यानुसार कॉयर बोर्ड स्थापन झाले.

येथे इतिहास संपला असता तर माझे काम सोपे होते. पण १९७० च्या आसपास सोडणे कुटण्याच्या यंत्रांचा प्रश्न आला. एक यंत्र अनेक बायकांचे काम करी. त्या बायकांना दुसरे काम नव्हते, म्हणून केरळातल्या संघटनांनी यंत्राला कसून विरोध केला आणि सरकारनेही त्यावर निर्बंध घातले. यंत्रे मग शेजारच्या तमिळनाडूत वाढली आणि नारळाच्या नावाने ओळखले जाणारे केरळ तेथून काथ्या विकत घेऊ लागले. पुढे केरळानेही यंत्रे स्वीकारली. विरोध करणारे अडाणी होते, असे आज कोणी म्हणेल. मी तसे म्हणणार नाही. जिच्या हाताला घट्टे पडले आहेत, तिला दांडक्याचे प्रेम नसते. तिला उद्याच्या चुलीची काळजी असते. यंत्राने वाचवलेल्या श्रमाचा मोबदला तिच्या पदरात पडेल अशी हमी कोणी दिली असती, तर ते दांडके तिने आनंदाने फेकून दिले असते.

आपल्या कोकणातही नारळ आहे, सोडणे आहेत, आणि वेंगुर्ल्याकडे स्त्रियांनी सहकारी तत्त्वावर काथ्याचे काम उभे केले आहे. त्यांना अलेप्पीचा अनुभव ठाऊक असणे उपयोगाचे आहे: यंत्र यावे, पण त्याची मालकी आणि त्याचा नफा यांत काम करणारीचा वाटा असावा.

आणि आपण गिऱ्हाइकांनी काय करावे? दुकानात पायपुसणे घेताना ते उलटून पाहावे. पुष्कळदा वर काथ्याचे केस असतात आणि खाली पाठ प्लास्टिकची असते. हे तपासणे सोपे आहे. वळणारीला दिवसाचे किती मिळाले, हे पाठ उलटून दिसत नाही. ते विचारावे लागते. दुकानदाराला बहुधा उत्तर ठाऊक नसेल. पण चार गिऱ्हाइकांनी विचारले, तर तो पुढच्या खेपेला व्यापाऱ्याला विचारील, आणि व्यापाऱ्याला कोणाला तरी विचारावेच लागेल.