सागवाटेच्या दोन नद्या

डहाणू-तलासरीच्या डोंगरांतून होडीने थेट समुद्रापर्यंत जाता येईल का, असे हल्ली भटकंती करणारे तरुण विचारतात. प्रश्न हौसेचा आहे, पण उत्तरासाठी इतिहासात शिरावे लागते. इथल्या नद्यांकडे राज्यकर्त्यांचे लक्ष गेले ते काठच्या सागामुळे.

डहाणूची नदी म्हणजे सूर्या. सह्याद्रीच्या उतारावरून कासा, मासवणच्या बाजूने येऊन ती वैतरणेला मिळते आणि वैतरणा अर्नाळा व दातिवरे यांच्यामध्ये समुद्राला. तिचे दोन भाग पडतात. वरचा भाग कातळाचा: पावसाळ्यात लोंढा, उन्हाळ्यात डोह आणि कोरडे दगड. खालचा भाग खाडीचा, तिथे भरतीचे पाणी येते. म्हणूनच वैतरणेवरचे मनोर हे लाकडाच्या व्यापाराचे ठाणे झाले. समुद्रातल्या होड्या भरतीबरोबर तिथवर येत. तांडेल तिथी पाहून निघे, कारण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मिळणारे पाणी भांगात मिळत नाही.

ओंडके वरूनच नदीत का सोडत नसत? ताजा साग पाण्यात बुडतो. ब्रह्मदेशात झाडाच्या बुंध्याभोवतीची साल व रसकाष्ठ कापून ते दोन-तीन वर्षे उभे वाळवत आणि मग इरावतीत सोडत. आपल्या नद्यांना इरावतीसारखे बारमाही खोल पाणी नाही. खाडीपर्यंतची वाट जमिनीवरूनच काढावी लागे.

याच जंगलावर नजर ठेवणारा किल्ला अशेरी. पोर्तुगीजांनी तो सांभाळला त्यामागे सागाचे मोठे कारण होते. 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत डहाणू, तारापूर, अशेरी मराठ्यांकडे आले आणि मे महिन्यात वसईही पडली. दमण मात्र पोर्तुगीजांकडे राहिले. पुढे 1779 च्या तहानुसार नुकसानभरपाई म्हणून पेशव्यांनी नगरहवेलीचा महसूल देऊ केला आणि 1783 मध्ये पोर्तुगीजांनी त्या परगण्याचा ताबा घेतला. तलासरीच्या सीमेला लागून असलेले हे जंगल आणि दमणगंगेच्या मुखावरची गोदी असा जोड जमला.

त्या जोडातून निघालेले एक जहाज आजही पाहता येते. नगरहवेलीच्या सागातून बांधलेली 'दों फर्नांदो दुसरा ए ग्लोरिया' ही फ्रिगेट 1843 मध्ये दमणला पाण्यात उतरली. केवळ शिडांवर चालणारी पोर्तुगीज आरमाराची ती शेवटची फ्रिगेट. 1963 मध्ये ती आगीत जळाली. पुढे दुरुस्त होऊन 1998 च्या लिस्बन प्रदर्शनात मांडली गेली. आता ती लिस्बनसमोरच्या काठावर, अल्माडाला उभी आहे.

जहाजाच्या नावात राजा आहे, राणी आहे. जंगलात कुऱ्हाड चालवणारे आणि ओंडके ओढणारे त्यात नाहीत. आपल्या बाजूच्या वारल्यांचा आवाज नोंदला गेला तो पुढच्या शतकात. 1945 मध्ये तलासरीजवळ झरीला गोदावरी व शामराव परुळेकरांच्या किसान सभेने परिषद भरवली. वेठ आणि लग्नगडीची पद्धत मोडायची, असे तिथून ठरले. पुढे जंगलतोडीच्या मजुरीसाठी ठेकेदारांविरुद्ध संप झाले. सागाच्या इतिहासातले हे पान जहाजाच्या पानाइतकेच वाचले पाहिजे.

आज सूर्येवर धामणी आणि दमणगंगेवर मधुबन ही धरणे आहेत. सूर्येचे पाणी आदिवासींच्या शेतीसाठी म्हणून अडवले, त्यातला वाटा वसई-विरारच्या नळांना गेला. धरणाखाली नदीत किती पाणी असेल, हे आता पावसाइतकेच दरवाजांवर ठरते.

तेव्हा बेत आखणाऱ्यांनी जुनाच नियम पाळावा. पाऊस सरल्यावर वरचा भाग पायी चालावा, त्या गावांतल्या माणसांना वाट विचारावी. होडी मनोरच्या खाली उतरवावी, तीही ओहोटी सुरू होताना. पंचांग मात्र सोबत असू द्यावे.