वर्गणीचा पैसा आणि सेवेचा पैसा

सेवा नुसती मनात असून भागत नाही. खजिनदाराच्या पेटीतही काही असावे लागते. सेवा-मंडळांचा इतिहास आपण त्यांच्या शिबिरांवरून सांगतो. परंतु मंडळ का टिकले, हे त्याची रोजकीर्दच सांगते.

रोटरी क्लबाचे उदाहरण घ्या. १९०५ साली शिकागो येथे पॉल हॅरिस या वकिलाने तो स्थापन केला. १९१७ साली अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी कायम निधीची कल्पना मांडली. पुढील वर्षी कॅन्सस सिटीच्या क्लबाने पहिली देणगी दिली, ती अवघी साडेसव्वीस डॉलरची! १९४७ साली हॅरिस निवर्तले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ देणग्यांचा ओघ लागला आणि त्यातून परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. १९८५ पासून रोटरीने पोलिओविरुद्ध मोहीम हाती घेतली. २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला, त्यात सरकारबरोबर या निधीचाही वाटा होता.

१९५६ साली मुंबईत आलेल्या लायन्स क्लबाने दुसरा धडा दिला. तेथे खाती दोन. सभासदांच्या वर्गणीतून कारभार चालवावा. जनतेकडून जमलेली रक्कम जनतेच्याच कामी लावावी. चहापाण्याचा खर्च देणगीत मिसळला की विश्वास गेलाच म्हणून समजा. आपल्याकडे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यानेही नोंदलेल्या संस्थांवर हिशेब तपासून घेण्याचे बंधन घातले.

आपले उरण मिठागरांचे, शेतीचे आणि मासेमारीचे. १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झाले आणि तालुक्याचे अर्थकारण पालटले. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चण्यास सांगितले. असा पैसा जरूर घ्यावा. परंतु तो ठरल्या कामापुरता येतो; काम संपले की थांबतो. वर्षानुवर्षे दिवा तेवत ठेवते ती सभासदाची लहानशी वर्गणी. ती देणारा हिशेबही विचारतो. आणि हिशेब विचारणारे संपले की संस्था पोरकी होते.

म्हणून वाचकहो, वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जाऊ लागला की चहाच्या वाटेकडे डोळे लावू नका. दोन प्रश्न अवश्य विचारा : किती जमले? आणि कोठे गेले? या प्रश्नांचा खऱ्या खजिनदाराला राग येत नाही. उलट त्याचे ओझे हलके होते.