हॅवलॉक की नील?

मागच्या व्याख्यानानंतर एक चिठ्ठी आली होती. विषय 1857चा होता, चिठ्ठीतला प्रश्न मात्र सुट्टीचा. "डिसेंबरात अंदमानला जातोय. समुद्रकिनाऱ्यावर निवांत चार दिवस काढायचेत. हॅवलॉकला राहावं की नीलला?" सभागृहात हशा झाला. आम्हीही हसलो. पण घरी गेल्यावर लक्षात आलं, की आमच्या विषयाशी याच्याइतका जवळचा प्रश्न दुसरा कुणी विचारला नव्हता. म्हणून आजचं व्याख्यान त्या चिठ्ठीचं उत्तर आहे.

ही दोन बेटं शेजारी-शेजारी. पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला रिचीज आर्किपेलागो नावाचा द्वीपसमूह आहे, त्यातली. तिथला नकाशा एकदा नीट वाचा. हॅवलॉक, नील, आउटराम, हेन्री लॉरेन्स, जॉन लॉरेन्स, निकोल्सन, पील. नीलच्या जवळ एक छोटं बेट आहे, त्याचं नाव सर ह्यू रोझ. झाशीला वेढा घालणारा तोच हा ह्यू रोझ. म्हणजे 1857चा उठाव मोडणाऱ्या सेनानींची हजेरीपटावरची नावंच समुद्रात मांडून ठेवलेली. आणि 10 मार्च 1858 रोजी डॉ. वॉकर पहिल्या 200 कैद्यांना घेऊन अंदमानात उतरला, तेव्हा ती वसाहत उभारली जात होती ती याच उठावातल्या लोकांसाठी. ज्यांनी हरवलं त्यांची नावं बेटांना, जे हरले ते बेड्यांत.

आता ही दोन माणसं पाहू. हेन्री हॅवलॉक धार्मिक वृत्तीचा, बाप्टिस्ट. त्याची बायको श्रीरामपूरच्या जोशुआ मार्शमनची मुलगी. हे श्रीरामपूर बंगालमधलं, जिथून विल्यम केरीनं 1805 साली मराठी भाषेचं व्याकरण छापलं. (हे जाता जाता सांगितलं, पण आम्हाला अशा गाठी सापडल्या की राहवत नाही.) जुलै 1857मध्ये हॅवलॉकनं फतेहपूर आणि मग कानपूर इथं नानासाहेब पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. त्याच्या आदल्या दिवशी कानपुरात बीबीघरातल्या इंग्रज बायका-मुलांची कत्तल झाली होती, हेही आपण झाकून ठेवायचं कारण नाही.

जेम्स नील त्याच्या मागोमाग पोचला. अलाहाबादेत त्यानं आधीच सरसकट फाशी चालवली होती. कानपुरात त्यानं हुकूम काढला, की फाशीआधी कैद्यांनी बीबीघरातल्या वाळलेल्या रक्ताचा डाग जिभेनं चाटून साफ करायचा. या दोघांचं आपसात अजिबात जमत नव्हतं. हॅवलॉक लखनौच्या वाटेवरून मागे फिरला, तेव्हा हाताखालच्या नीलनं त्याला उद्धट पत्र लिहिलं, आणि तुला अटकच केली असती असं हॅवलॉकनं उलट सुनावलं. पुढे 25 सप्टेंबरला लखनौत नील गोळी लागून मेला, 24 नोव्हेंबरला हॅवलॉक अतिसारानं गेला. एकमेकांचं तोंड न पाहणारे हे दोघे नकाशावर मात्र कायमचे शेजारी झाले.

नीलचा पुतळा मद्रासच्या माउंट रोडवर होता. तो हटवावा म्हणून 1927 साली सत्याग्रह झाला आणि 1937मध्ये राजाजींचं मंत्रिमंडळ आल्यावर तो रस्त्यावरून गेला. बेटाचं नाव मात्र तसंच राहिलं, फक्त इंग्रजी स्पेलिंगमधला एक 'एल' कुठेतरी गळाला. 30 डिसेंबर 2018 रोजी दोन्ही बेटांची नावं बदलली. हॅवलॉक झालं स्वराज द्वीप, नील झालं शहीद द्वीप. तारीख मुद्दाम निवडलेली होती. 30 डिसेंबर 1943ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला होता. पण त्यांनी 'शहीद' हे नाव दिलं होतं सगळ्या अंदमानाला आणि 'स्वराज' निकोबारला. पाऊणशे वर्षांनी ती नावं या दोन छोट्या बेटांच्या वाट्याला आली.

इथे आम्ही थोडं थांबतो. तेव्हा अंदमान जपान्यांच्या ताब्यात होतं. ऑगस्ट 1945मध्ये, युद्ध संपायला काही दिवस उरले असताना, धान्य पुरेना म्हणून जपान्यांनी पोर्ट ब्लेअरच्या शेकडो लोकांना बोटींत भरलं. शेती करायला नेतो असं सांगितलं आणि हॅवलॉकच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर रात्रीच्या अंधारात पाण्यात ढकललं. कित्येक बुडाले. पोहून किनारा गाठणारे पुढे उपासमारीनं गेले. सुटका करायला माणसं आली तेव्हा मोजकेच जिवंत होते. म्हणजे बघा, शहीद हे नाव नीलला मिळालं आणि माणसं मेली ती हॅवलॉकच्या पाण्यात. नावं ठरवताना हे कुणाच्या ध्यानात आलं नसावं.

आणि या बेटांवर रोज राहतं कोण? पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची कुटुंबं. हॅवलॉकवर ती आली पन्नासच्या दशकात, नीलवर साठच्या. त्यांनी सेनापतींची नावं बदलली नाहीत, गावांना मात्र आपली नावं दिली. हॅवलॉकवर राधानगर, गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर. नीलवर सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. एक बेट कृष्णाचं, एक रामाचं! घरदार सोडून आलेली माणसं सोबत काय आणतात, ते यातून दिसतं. लक्ष्मणपूरजवळ समुद्रानं कोरलेली एक दगडी कमान आहे, तिला ती 'हावडा ब्रिज' म्हणतात.

आता चिठ्ठीचं उत्तर. हॅवलॉक मोठं, त्यावर जंगल टिकलं. तिथे लाकूडतोड चालायची, ओंडके ओढायला हत्ती असायचे, एलिफंट बीच हे नाव त्यांचंच. म्हणून राधानगरच्या किनाऱ्यामागे आजही उंच झाडांची भिंत उभी दिसते. नील चिमुकलं आणि सपाट. तिथे झाडं काढून शेती झाली, पोर्ट ब्लेअरच्या बाजारात तिथली भाजी जाते. पोहायचं, डायव्हिंग करायचं तर हॅवलॉक. नीलला ओहोटीत पाणी लांब जातं आणि खडक-प्रवाळ उघडे पडतात. पोहणारा हिरमुसतो, लहान मुलं मात्र डबक्यातले मासे बघत तासन्‌तास रमतात. प्रवाळावर पाय देऊ नका एवढंच.

आमचं मत विचाराल तर मुक्काम नीलला दोन रात्री, हॅवलॉकला दोन. मधलं अंतर बोटीनं तासाभराचं. एकच निवडायचं असेल आणि सोबत म्हातारी माणसं असतील, तर नील. सायकल घ्या, सीतापूरला सूर्योदय बघा, वाटेत भाजीचे मळे लागतील.

राधानगरला जाल तेव्हा दुपारीच निघा. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. पश्चिमेकडचा किनारा आहे, पाणी शांत असतं, पोरं आरडाओरडा करत असतात. 1945ची ती रात्र कुणाला सांगावीशी वाटली, तर परतीच्या वाटेवर सांगा. पाण्यात असताना नको.

पुढच्या चिठ्ठ्या दाराशी ठेवलेल्या डब्यात टाका.