सहलेखन, वर्गातील (ऑनलाइन)

इंटरनेटवरील एकाच दस्तऐवजात अनेक विद्यार्थ्यांनी मिळून कथा, कविता किंवा नाट्यप्रवेश लिहिण्याची अध्यापनपद्धती. सगळे एकाच वेळी लिहीत असतील तर ते समकालिक सहलेखन; आपापल्या सवडीने भर घालत असतील तर क्रमिक. शाळेच्या हस्तलिखित अंकालाही अनेकांचे हात लागत, पण त्यात ज्याचा मजकूर त्याच्याच नावावर राही. ऑनलाइन सहलेखनात एकाच वाक्यावर अनेकांचा हक्क येतो, आणि या पद्धतीचा खरा कस तिथेच लागतो.

पूर्वेतिहास : वर्गातील समकालिक लेखनाचा एक महत्त्वाचा प्रारंभिक प्रयोग अमेरिकेत वॉशिंग्टन येथील गॅलोडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठात झाला. तेथील प्राध्यापक ट्रेंट बॅटसन यांनी १९८५ मध्ये वर्गातले संगणक एकमेकांना जोडले आणि तासाची चर्चा इंग्रजीत टंकून करायला सुरुवात केली. हे विद्यार्थी एरवी खुणांच्या भाषेत बोलत. इंग्रजी त्यांच्या वाट्याला यायची ती मुख्यतः पुस्तकातून आणि निबंधातून. आता समोरच्याला लगेच उत्तर द्यायचे म्हणून ते इंग्रजी लिहू लागले. लिहिण्याला तिथल्या तिथे वाचक मिळाला, ही या प्रयोगाची मोठी देणगी.

साधने : दोघांनी एकाच क्षणी बदल केले तर मजकुराचा घोळ होऊ नये, यासाठीची रीत एलिस आणि गिब्ज या संशोधकांनी १९८९ मध्ये मांडली. एकाने सुरुवातीला तीन अक्षरे घातली, तर दुसऱ्याच्या बदलाची जागा आपोआप तीन घरे पुढे सरकते. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली विकी, म्हणजे वाचकांनाच पाने बदलता येतील असे संकेतस्थळ, सुरू केली. गूगल डॉक्स २००६ मध्ये आले, इथरपॅड २००८ मध्ये. इथरपॅडमध्ये प्रत्येक लेखकाच्या मजकुराला वेगळा रंग असतो आणि पट्टी सरकवून लेखन पहिल्या अक्षरापासून पुन्हा उलगडताना पाहता येते. त्याची संगणकीय संहिता २००९ च्या अखेरीस खुली झाली. त्यामुळे शाळा ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवू शकते, आणि मुलांना ईमेल खाते काढावे लागत नाही. लहान वर्गांसाठी ही सोय फार मोलाची आहे.

एक धडा : पेंग्विन प्रकाशन आणि इंग्लंडमधील डी मॉन्टफर्ट विद्यापीठ यांनी २००७ मध्ये ‘अ मिलियन पेंग्विन्स’ ही विकी-कादंबरी कोणालाही लिहिण्यासाठी खुली केली. सुमारे दीड हजार जणांनी नावे नोंदवली, अकरा हजारांवर बदल झाले. एक जण जिथेतिथे केळी घुसडू लागला. शेवटी केळ्यांची वेगळी आवृत्तीच निघाली. लोक उत्साहाने आले, पण कथानकाची जबाबदारी कोणाकडेच नव्हती. वर्गात तीन-चार जणांचे गट करावेत आणि आराखडा आधी ठरवावा, तो यासाठीच.

वर्गातील कार्यपद्धती : दुसऱ्याचे वाक्य थेट बदलू न देता आधी सूचना करायला लावणे, हा सर्वांत उपयोगी नियम. समजा, एकीने लिहिले, ‘आजी रागावली.’ दुसऱ्याने सुचवले, ‘आजीने ताट सरकवले.’ गूगल डॉक्सच्या सूचना-पद्धतीत जुने वाक्य खोडलेले दिसते, नवे रंगीत, आणि कोणीतरी मान्यता देईपर्यंत दोन्ही राहतात. तेवढ्या अवधीत राग सांगावा की दाखवावा यावर दोघांत जी चर्चा होते, ती शिक्षकाच्या व्याख्यानाहून अधिक शिकवते. पहिला खर्डा मात्र ज्याचा त्याने एकट्याने लिहिलेला बरा. सुरुवातीपासून सगळे एकत्र बसले की भरभर टंकणाऱ्याचीच गोष्ट पुढे जाते.

मूल्यमापनासाठी बदलांचा इतिहास पाहावा, पण अक्षरे मोजून गुण देऊ नयेत. एखाद्याचे योगदान अख्खा अनावश्यक परिच्छेद काढून टाकण्याचे असू शकते.

मराठीतील लेखन : युनिकोडमध्ये ‘क्षि’ या एका अक्षरामागे क, हलन्त, ष आणि इकार असे चार संकेत असतात. म्हणून सहकाऱ्याच्या पडद्यावर शब्द काही क्षण पाय मोडलेला दिसतो, आणि मुले ती चूक समजून मध्येच दुरुस्त करू पाहतात. शब्द पुरा होईपर्यंत थांबायचे, हे पहिल्याच तासाला सांगावे. मुलांना मोबाइलवर रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल, तर देवनागरी कळफलकाचा थोडा सराव कथालेखनाआधी वेगळा घ्यावा लागतो.