तळटीप १७ : मॉरिस यांचे कंडक्टर

१७. ‘मॉरिस यांचे कंडक्टर’ : जेरेमी (जेरी) मॉरिस (१९१०–२००९), ब्रिटिश साथरोगशास्त्रज्ञ. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील ड्रायव्हर व कंडक्टर एकाच सेवेतले, साधारण सारख्याच परिस्थितीतले. पण ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर तिकिटे देत जिन्याने सतत वर-खाली. १९४९-५०च्या नोंदींत कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला, आणि झालाच तर त्यातून लगेच मृत्यू येण्याचे प्रमाणही कमी. ‘द लॅन्सेट’ने हे १९५३ साली छापले. मात्र लेखक म्हणतात तसे सारे ‘एका फटक्यात’ सिद्ध झाले नाही. मुळातच सडपातळ माणसे कंडक्टर होत असतील का, हा प्रश्न खुद्द मॉरिस यांनीच पुढे तपासला, तोही गणवेशाच्या मापांवरून! तरुण ड्रायव्हरांच्या विजारीही कमरेला रुंद निघाल्या, म्हणजे शंका अगदीच निराधार नव्हती. ‘युसेस ऑफ एपिडेमिऑलॉजी’ (१९५७) हे त्यांचे गाजलेले पुस्तक. १९६७पासून ते लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये सार्वजनिक आरोग्याचे प्राध्यापक होते. पुढच्या परिच्छेदातला ‘वर्ग’ तिथलाच.